पॅटरनॉस्टर: जपमाळेचा व्यवसाय आणि आडनावाची स्मृती

इंग्लंडमधील आडनावांचे अभ्यासक त्यांची सामान्यतः चार वर्गांत विभागणी करतात: गावावरून वा जागेवरून पडलेली, वडिलांच्या नावावरून आलेली, रूपावरून किंवा लकबीवरून चिकटलेली आणि व्यवसायावरून रूढ झालेली. या शेवटच्या वर्गात स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, मिलर म्हणजे धान्य दळून देणारा, अशी नावे लक्षावधी कुटुंबांत पसरलेली आहेत. परंतु याच वर्गात पॅटरनॉस्टर हे एक आडनाव असे आहे की ते आज फार थोड्या घरांत उरले आहे, आणि त्याच्या उत्पत्तीत व्यवसाय व उपासना यांची गुंतागुंत इतकी घट्ट आहे की त्याचा विचार केवळ कोशकारांवर सोपवून चालत नाही. ‘पॅटर नॉस्टर’ हे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेचे लॅटिनमधील पहिले दोन शब्द असून त्यांचा अर्थ ‘आमच्या पित्या’ असा होतो. या दोन शब्दांवरून ती संपूर्ण प्रार्थना ओळखली जाऊ लागली, पुढे प्रार्थनेची आवर्तने मोजण्याच्या माळेला तेच नाव मिळाले, माळ घडवणाऱ्या कारागिरालाही त्याच नावाने हाक मारली गेली आणि अखेरीस त्या कारागिराच्या वंशजांनी ते आडनाव म्हणून धारण केले. उपासनेची वस्तू व्यवहारातून गेली, ती घडवणारा धंदा बुडाला, आणि ज्या श्रद्धेवर तो धंदा उभा होता ती श्रद्धाही राजसत्तेने भ्रम ठरवली, तर मागे राहिलेल्या नावात त्या श्रद्धेचा काही अंश शिल्लक राहतो, की ते नाव माणसे वेगवेगळी ओळखण्यापुरती एक खूण होऊन जाते, हा प्रश्न या आडनावाने उभा केला आहे.

प्रार्थना मोजण्याची प्रथा मठांतून आली. मध्ययुगीन मठांतील शिक्षित भिक्षू बायबलमधील 150 स्तोत्रांचे नियमाने पठण करीत. परंतु मठाची शेती, स्वयंपाक आणि गुरेढोरे सांभाळणाऱ्या, लॅटिन वाचता न येणाऱ्या श्रमिक बंधूंना ते शक्य नसल्यामुळे स्तोत्रांच्या ऐवजी पॅटरनॉस्टरची तितकीच आवर्तने करण्याची मुभा त्यांना देण्यात आली, आणि दीडशेची मोजणी चुकू नये म्हणून दोऱ्यात ओवलेले मणी हाती आले. माळ म्हणजे मुळात अक्षरओळख नसलेल्यांची पोथी होती, आणि तिच्याविषयी पुढे जे वाद झाले ते समजून घेताना ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. अर्थात ती गरिबांपुरती राहिली नाही. बाराव्या शतकातील इतिहासकार विल्यम ऑफ मॅम्सबरी याने नोंदवले आहे की कॉव्हेंट्रीची उमराव स्त्री गोडायव्हा हिने, जिचा मृत्यू अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला, आपण ज्या रत्नमाळेवर प्रार्थना मोजीत होतो ती मृत्यूनंतर मरियेच्या मूर्तीला घालावी अशी इच्छा व्यक्त केली होती. कालांतराने मरियेला उद्देशून म्हटली जाणारी ‘आव्हे मारिया’ ही प्रार्थना माळेवर मुख्य झाली, दहा-दहा लहान मण्यांमध्ये एक मोठा मणी पॅटरनॉस्टरसाठी राहिला आणि आज रोझरी म्हणून ओळखला जाणारा क्रम स्थिर झाला. तरीही माळेचे जुने नाव लोकांच्या तोंडी दीर्घकाळ टिकून होते.

एवढ्या माळा लागत असत, म्हणून त्या घडवणाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग तयार झाला. पॅरिसमध्ये एत्येन ब्वालो याने 1268 च्या सुमारास शहरातील कारागिरांच्या संघांचे नियम एकत्र केले, त्या ग्रंथात माळ घडवणाऱ्यांचे संघ मालानुसार वेगळे केलेले आढळतात: हाड आणि शिंग यांचे मणी करणारे निराळे, पोवळे आणि शिंपले यांचे निराळे, अंबर आणि जेट यांचे निराळे. अंबर हा बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर सापडणारा, वृक्षांच्या राळेपासून बनलेला जीवाश्म. त्याच्या व्यापारावर ट्यूटॉनिक ऑर्डर या धर्मयोद्ध्यांच्या संघाने मक्तेदारी ठेवली होती आणि कच्चा माल मुख्यत्वे ब्रूज व ल्यूबेक येथील माळ घडवणाऱ्यांच्या संघांना विकला जाई. जेट हा काळा, चकाकी घेणारा, दगडी कोळशाच्या जातीचा पदार्थ इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या व्हिट्बी परिसरात मिळत असे. परंतु सामान्य माणसाची माळ हाडाची किंवा लाकडाची असे. मध्ययुगीन शहरांच्या उत्खननांत गुरांच्या पायाच्या हाडांच्या चपट्या पट्ट्या सापडतात, ज्यांतून गोल मणी कातून घेतल्यामुळे केवळ भोकांची रांग उरलेली असते. प्रार्थनेच्या इतिहासाचा इतका स्पर्शगम्य पुरावा दुसरा क्वचितच असेल. लंडनमध्ये हे कारागीर सेंट पॉल कॅथीड्रलच्या उत्तरेस, जी गल्ली पॅटरनॉस्टर रो म्हणून प्रसिद्ध झाली तिथे राहत. जॉन स्टो याने 1598 साली प्रसिद्ध केलेल्या लंडनच्या वर्णनात या गल्लीचे नाव प्रार्थनापत्रके लिहून विकणाऱ्या लेखनिकांशी जोडले आहे, पण तिथे मणी कातणारे कातारीही राहत आणि त्यांना पॅटरनॉस्टर-मेकर म्हणत, असे सांगून चौथ्या हेन्रीच्या कारकिर्दीतील अशा एका कारागिराची नोंद त्याने दिली आहे.

इंग्लंडमध्ये वंशपरंपरेने चालणारे आडनाव ही 1066 च्या नॉर्मन विजयानंतरची घडामोड आहे. आधी जमीनदारांमध्ये, मग शहरी व्यापाऱ्यांमध्ये आणि पुढे सामान्य रयतेमध्ये ती पसरली. दक्षिणेत चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आणि उत्तरेत त्यानंतर काही पिढ्यांत बहुतेक कुटुंबांची आडनावे स्थिर झाली. व्यवसायनाम आरंभी खरेखुरे वर्णन असते: ज्याला त्या नावाने हाक मारली जाई तो माणूस ते काम करीत असे. मुलाने दुसरा धंदा धरला आणि तरीही बापाचे नाव त्याला चिकटून राहिले, त्या क्षणी वर्णनाचे आडनाव झाले. पॅटरनॉस्टर या नावाच्या बाबतीत मात्र उत्पत्तीचा आणखी एक झरा आहे आणि धार्मिक दृष्टीने तो अधिक विचार करायला लावणारा आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये काही जमिनी ठरावीक सेवेच्या मोबदल्यात धारण केल्या जात. मराठी वाचकाने त्याला सेवा-इनाम समजावे. बहुधा ही सेवा शस्त्रांची, शिकारीची किंवा राजाच्या स्वयंपाकघराची असे. परंतु बर्कशरमधील ईस्ट हेंड्रेड येथे जॉन पॅटरनॉस्टर नावाचा एक धारक होता आणि त्याच्या जमिनीची शर्त अशी होती की त्याने राजाच्या आत्म्यासाठी दररोज एक पॅटरनॉस्टर म्हणावे. इथे प्रार्थनेची वस्तू घडवणे हा धंदा नसून प्रार्थना म्हणणे हेच काम आहे, त्याला जमिनीचे उत्पन्न जोडलेले आहे आणि त्या कामावरून माणसाला नाव पडले आहे. एकाच आडनावाखाली मणी कातणारा हात आणि मण्यांविना जप करणारी वाणी असे दोन पूर्वज उभे आहेत, आणि आजच्या एखाद्या पॅटरनॉस्टर कुटुंबाचा मूळ पुरुष या दोहोंपैकी कोण हे नावावरून सांगता येत नाही.

हे आडनाव दुर्मिळ का राहिले याची कारणे बरीचशी व्यावहारिक आहेत. लोहार प्रत्येक गावात लागे, म्हणून स्मिथ हे नाव एकमेकांशी नाते नसलेल्या हजारो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मले; माळ घडवणारा मात्र कॅथीड्रल, तीर्थस्थान किंवा मोठी बाजारपेठ असलेल्या मोजक्या शहरांतच पोट भरू शकत होता, त्यामुळे या नावाची मुळेच थोडी होती. त्यावर 1348-49 च्या महामारीने देशाची तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत लोकसंख्या हिरावून नेली, आणि दाटीवाटीने वसलेली शहरे तिच्या तडाख्यात विशेष सापडली. थोड्या मुळांच्या नावाचे पुढे काय होते याचे गणित एकोणिसाव्या शतकात मांडले गेले: फ्रान्सिस गॉल्टन याने 1873 मध्ये कुळांच्या लोपाचा प्रश्न जाहीरपणे विचारला आणि 1874 मध्ये हेन्री वॉटसन या धर्मोपदेशक गणितज्ञाबरोबर त्याचे विवेचन प्रसिद्ध केले. प्रत्येक पुरुषाला सरासरी एक किंवा त्याहून कमी मुलगे असतील तर कोणतेही आडनाव कधी ना कधी संपणारच, आणि सरासरी एकाहून अधिक असली तरी एकाच पुरुषापासून निघालेल्या नावाला पहिल्या काही पिढ्यांत निव्वळ योगायोगाने संपण्याचा मोठा धोका असतो. ज्या नावाला असे शेकडो आरंभ मिळाले ते कुठे ना कुठे तगते. ज्याला बोटांवर मोजण्याइतके मिळाले त्याच्या वाट्याला बहुधा लोप येतो. पॅटरनॉस्टर टिकले, पण अगदी काठावर.

या व्यावहारिक कारणांमागे एक धार्मिक उलथापालथ आहे आणि तिच्यात कारागिराच्या जबाबदारीचा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. उपासनेची वस्तू घडवणारा हा उपासनेचा भागीदार असतो काय? नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिसस नगरातील देमेत्रिय नावाचा सोनार आर्तेमिस देवीचे रुपेरी देव्हारे घडवीत असतो आणि पौलाच्या उपदेशाने धंदा बुडेल या भयाने कारागिरांना चिथावून दंगा करवतो. तिथे देवीची भक्ती आणि दुकानाची मिळकत एकाच दमात बोलली जाते. इसवी सन 200 च्या सुमारास कार्थेजचा तर्तुल्लियन याने मूर्तिपूजेवरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की जो मूर्ती घडवतो तो स्वतः तिला नमस्कार करीत नसला तरी दोषमुक्त होत नाही, कारण त्याच्या हातांवाचून ती पूजा घडलीच नसती. हा निकष कठोर आहे, परंतु त्यात कारागिराचा एक प्रकारे गौरवही आहे: त्याचे काम केवळ पोटासाठी केलेले, अर्थशून्य काम मानलेले नाही. सोळाव्या शतकातील सुधारणावाद्यांनी, म्हणजे पोपची सत्ता नाकारणाऱ्या धर्मसुधारकांनी, हा विचार दुसऱ्या टोकाने वाढवला. प्रत्येक प्रामाणिक धंदा हे ईश्वराने दिलेले पाचारण आहे, मोची आणि शेतकरी हे भिक्षूइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ईश्वराच्या सेवेत आहेत, हा लूथरचा सिद्धांत. आणि इंग्लंडमध्ये केंब्रिजचा विल्यम पर्किन्स याने पाचारणांवरील आपल्या प्रबंधात मठवासी भिक्षूंचे जिणे हे समाजाला निरुपयोगी म्हणून पाचारणाच्या व्याख्येबाहेर ठेवले. सर्व श्रमाला पावित्र्य देणाऱ्या या सिद्धांताच्या चौकटीत माळ घडवणाऱ्याला मात्र जागा उरली नाही, कारण त्याचा श्रम प्रामाणिक असला तरी त्याचे फळ त्याज्य ठरले होते.

ते त्याज्य कसे ठरले हे नेमके पाहण्यासारखे आहे. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 साली धर्मोपदेशकांसाठी काढलेल्या आज्ञापत्रात तीर्थयात्रा, मूर्तींपुढे मेणबत्त्या लावणे आणि अवशेषांची चुंबने घेणे यांबरोबरच, समजल्यावाचून व मन लावल्यावाचून मण्यांवर प्रार्थना मोजीत राहणे याचाही निषेध केला आहे. आक्षेप प्रार्थनेवर नव्हता, तर आशयापासून सुटलेल्या आवर्तनावर होता. या आक्षेपाला धर्मग्रंथाचा आधारही होता, कारण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात व्यर्थ बडबड करू नका ही ताकीद पॅटरनॉस्टरच्या लगेच आधी आलेली आहे. पुढे सहाव्या एडवर्डच्या काळात विरोध तीव्र झाला आणि एलिझाबेथच्या कारकिर्दीत 1571 च्या कायद्याने रोमहून आणलेल्या, पोपच्या आशीर्वादाचे म्हणून मानलेल्या माळा, क्रूस आणि चित्रे देशात आणून वाटणे व स्वीकारणे हा मालमत्ता जप्त होण्याजोगा गुन्हा ठरला. इतक्या माळा नष्ट झाल्या की 1500 च्या सुमारास घडवलेली, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील लँगडेल जपमाळ ही इंग्लंडमधील सोन्याच्या मध्ययुगीन माळेचा एक अतिदुर्मिळ नमुना म्हणून जपली जाते.

परंतु 1538 च्या त्याच आज्ञापत्रात आणखी एक कलम आहे: प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीने, एक वही ठेवावी, तीत तिथले प्रत्येक लग्न, बाप्तिस्मा आणि दफन आठवड्याच्या आठवड्याला नावानिशी लिहावे, आणि ती वही दोन कुलुपांच्या पेटीत सांभाळावी. इंग्लंडमधील सामान्य माणसाच्या आडनावाला जो लेखी स्थैर्याचा आधार मिळाला तो या वह्यांमुळे. ज्या कागदाने माळेवरच्या जपाला दोषी ठरवले त्याच कागदाने माळेचे नाव धारण करणाऱ्या कुटुंबांच्या नोंदीची व्यवस्था लावली. उपाध्यायाने एका हाताने लोकांच्या माळा सोडवाव्यात आणि दुसऱ्या हाताने पॅटरनॉस्टरच्या घरी जन्मलेल्या मुलाचे नाव वहीत उतरवावे, यात तत्कालीन कोणालाही विसंगती वाटल्याचे दिसत नाही. मूर्तींची डोकी उडवणाऱ्यांनी नावांना हात लावला नाही. कारण उघड आहे, नावाचा अर्थ कोणी ऐकतच नव्हते.

हीच गोष्ट तीन शतकांनंतर जॉन स्टुअर्ट मिल याने सिद्धांत म्हणून मांडली. 1843 च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात त्याने विशेषनामे निर्देश करतात पण गुणबोध करीत नाहीत, म्हणजे व्यक्ती दाखवतात पण तिच्याविषयी काही सांगत नाहीत, असे म्हटले आणि डार्टमथ या गावाचे उदाहरण दिले: गाव डार्ट नदीच्या मुखाशी आहे म्हणून त्याला ते नाव पडले, पण भूकंपाने नदी दूर सरकली तरी गावाचे नाव बदलावे लागणार नाही. सॉल क्रिप्की याने 1970 मधील प्रिन्स्टन येथील व्याख्यानांत त्याला जोड दिली की नाव एकदा ठेवले गेले की ते एका वक्त्याकडून दुसऱ्याकडे जात राहते आणि त्या साखळीच्या बळावर मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचते, तिचे कोणतेही वर्णन खरे ठरण्याची त्याला गरज नसते. भारतीय व्याकरणपरंपरेत पतंजलीने महाभाष्यात शब्दांची जी चार प्रकारची प्रवृत्ती सांगितली, जाती, गुण, क्रिया आणि यदृच्छा, तिच्या आधारे हाच बदल अधिक नेमकेपणाने मांडता येतो: व्यवसायनाम हे आरंभी क्रियेवरून प्रवृत्त झालेला शब्द असते आणि आडनाव होताच ते यदृच्छाशब्द, म्हणजे केवळ ठेवले गेले म्हणून चालणारा शब्द, होऊन बसते.

ही सर्व मांडणी निर्देशाच्या बाबतीत निर्विवाद आहे, परंतु ती तिथेच थांबते. एखाद्या शब्दाला अर्थ असणे आणि त्या शब्दाने अर्थ पुढे नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅटरनॉस्टर हे आडनाव त्या कुटुंबातील कोणालाही माळ घडवणारा म्हणून ओळखू देत नाही, हे खरे. तरीही हाडाचे मणी, लॅटिन न येणारे मठबंधू आणि ईस्ट हेंड्रेडचा तो जमीनधारक यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्या नावाने उघडा ठेवला, आणि तो कोणाच्याही इच्छेने नव्हे तर कोणी लक्ष न दिल्यामुळे उघडा राहिला. समजल्यावाचून, मन लावल्यावाचून शब्द उच्चारीत राहणे हा जो आरोप 1538 मध्ये माळेवर ठेवला गेला, तो तंतोतंत आडनावाचे वर्णन आहे. पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे, बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंत, त्या दोन शब्दांचे आवर्तन अर्थाकडे न पाहता चालले, आणि नेमके म्हणूनच ते अर्थाच्या वादातून सुटले. ज्यांनी अर्थ ध्यानात ठेवला असता त्यांच्यावर नाव बदलण्याचा किंवा नावासाठी झगडण्याचा प्रसंग आला असता. जे तो विसरले त्यांनी तो सुरक्षित ठेवला.

यावर असा आक्षेप घेता येईल की प्रार्थना ईश्वराला उद्देशून असते आणि आडनाव शेजाऱ्याला, आणि म्हणून नकळत टिकलेल्या ध्वनीला भक्तीच्या आवर्तनाच्या पंक्तीला बसवणे अयोग्य आहे. आक्षेप रास्त आहे, कारण नाव सांगणारा माणूस जप करीत नाही. परंतु सुधारणावाद्यांच्या मूळ युक्तिवादावर त्याने प्रकाश पडतो. त्यांनी असे गृहीत धरले होते की आवर्तन हा अवधानाचा शत्रू आहे. प्रत्यक्षात आवर्तन हे अवधानाची वाट पाहणारे पात्र आहे, जे दीर्घकाळ रिकामे राहू शकते आणि तरीही फुटत नाही. मठातील निरक्षर बंधूने दीडशे वेळा म्हटलेल्या प्रार्थनेपैकी एकच वेळ त्याचे मन तिच्यात होते असे मानले तरी उरलेल्या एकशे एकोणपन्नास वेळांवाचून ती एक वेळ आली असती की नाही, याचे उत्तर माळेला भ्रम म्हणणाऱ्यांनी दिलेले नाही.

इंग्लंडने नाकारलेली ही साधना ज्या इंग्रजाने मराठी प्रदेशाच्या दक्षिण टोकाशी पाहिली, तो थॉमस स्टीफन्स. विल्टशरमध्ये 1549 च्या सुमारास जन्मलेला हा कॅथलिक 1575 मध्ये रोमला येशूसंघात दाखल झाला आणि 1579 मध्ये गोव्यात उतरला. त्याच्या मायदेशात रोमच्या आशीर्वादाची माळ आणणे तेव्हा गुन्हा होता आणि गोव्यात ती उघडपणे जपली जात होती. रोझरीच्या पूर्वीच्या पंधरा दशकांपैकी, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या गटांपैकी, एका वेळी पाचच, म्हणजे एक तृतीयांश, म्हटली जात म्हणून पोर्तुगीज शब्दावरून आलेले ‘तेर्स’ हे तिचे नाव गोव्यातील ख्रिस्ती घरांत आजही चालते. मराठी वाचक स्टीफन्सला 1616 मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणामुळे ओळखतात. परंतु त्याची कोकणी प्रश्नोत्तरी, जी 1622 मध्ये राशोल येथे छापली गेली, तीही इथे महत्त्वाची आहे, कारण मुलांनी धर्माची मूलतत्त्वे आणि प्रार्थना आपल्या भाषेत पाठ कराव्यात हाच अशा पुस्तकांचा उद्देश असे. आणि क्रॉमवेलच्या 1538 च्या आज्ञापत्रातही असे कलम आहेच की उपाध्यायाने दर रविवारी आणि सणाच्या दिवशी पॅटरनॉस्टरचे इंग्रजीतील एकेक वाक्य लोकांपुढे दोन-तीन वेळा, गरज पडल्यास अधिक वेळा म्हणावे, जेणेकरून ते त्यांना तोंडपाठ होईल.